अँजिओप्लास्टीनंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीच काय पाहावे? आईसाठी मार्गदर्शन हवे आहे

प्रश्न: पंचवटीतील एक लेक

सर्वांना नमस्कार. माझ्या आईचे वय 71 आहे आणि वजन जेमतेम 44 किलो. गेले दोन महिने रामकुंडावरून काळाराम मंदिराच्या बाजूने चढून घरी येताना तिच्या छातीवर दडपण येते. एखाद्या ओट्यावर दोन मिनिटे टेकले की ते उतरते. बसल्या जागी किंवा झोपेत तसे कधी झालेले नाही. ईसीजी आणि टूडी इको झाल्यावर हृदयरोगतज्ज्ञांनी अँजिओग्राफी करून घ्यावी आणि मोठा अडथळा आढळल्यास त्याच वेळी स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवावा, असा सल्ला दिला आहे. पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे.

आईला धास्ती आहे ती रक्तस्रावाची, आणि ती निराधार आहे असे मला म्हणवत नाही. माझ्या मावशीची अँजिओप्लास्टी 2009 साली जांघेतून झाली होती. तिसऱ्या दिवशी तिची मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली आणि तिला रक्ताच्या बाटल्या द्याव्या लागल्या. आई तेव्हा तिच्या उशाशी होती. शिवाय तीन वर्षांपूर्वी आईलाही पोटातल्या अल्सरमुळे रक्तस्राव झाला होता आणि दोन बाटल्या रक्त चढवावे लागले होते. सध्या तिचे हिमोग्लोबिन 9.8 आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन 1.3 आहे. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली एक गोळी ती 'लागेल तशी' घेते. ती किती वेळा लागते, हे तिने आम्हाला कधी नीट सांगितलेले नाही.

तपासणीच्या दिवशी बाहेर खूप गर्दी होती. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, एवढेच आम्हाला विचारले गेले. अल्सरची गोष्ट सांगायची राहून गेली आणि घरी आल्यापासून ती मला टोचते आहे. तारखेच्या आत पुन्हा भेटून काय काय सांगावे आणि काय विचारावे? मनगटातून करा असा आग्रह धरावा का? आणि स्टेंटनंतर ज्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात, त्या आईसारख्या बाईला सोसतील का?

उत्तर: निवृत्त परिचारिका, नाशिकरोड

ताई, मी 22 वर्षे कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) आणि त्याला लागून असलेल्या कक्षात काम केले आहे. गोळ्यांविषयी डॉक्टर मंडळी लिहितीलच. मी सुई जिथे टोचतात त्या जागेविषयी लिहिते, कारण आपल्या मावशींना जे झाले ते तिथलेच आहे.

जांघेतली धमनी मोठी असते, पण खोल असते. नळी काढल्यावर ती पंधरा-वीस मिनिटे हाताने दाबून धरावी लागते आणि नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. सुई जरा वरच्या बाजूला लागली, तर रक्त बाहेर न येता पाठीमागच्या पोकळीत साठत जाते. पट्टी कोरडी दिसते आणि नातेवाईक निर्धास्त असतात, पण रुग्ण कंबर दुखते म्हणतो, त्याला घाम फुटतो आणि रक्तदाब उतरू लागतो. म्हणून जांघेतून प्रक्रिया झालेल्या रुग्णाने कंबर किंवा कूस दुखते असे म्हटले, तर त्याला आम्ही कधीही 'गादीमुळे असेल' असे उत्तर देत नसू. जांघेवर वाळूची पिशवी ठेवण्याची पद्धत पुष्कळ वर्षे होती. तिने रक्तस्राव कमी होतो असे अभ्यासांत दिसले नाही, उलट तिच्याखाली वाढत चाललेली गाठ नजरेआड राहते.

मनगटातली धमनी हाडावर टेकलेली असते, त्यामुळे अंगठ्याने दाबली तरी बंद होते. हाताला रक्त पुरवणारी दुसरी धमनीही असतेच. कॅनडातील डॉ. ल्युसिएन कँपो यांनी 1989 मध्ये या वाटेने केलेल्या अँजिओग्राफींचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि 1992 पासून ॲमस्टरडॅममध्ये डॉ. किमेनेई यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी करायला सुरुवात केली. आज आपल्याकडेही बहुतेक ठिकाणी मनगट हीच पहिली पसंती असते.

तरी 'मनगटातूनच करा' असा हट्ट धरू नका. लहान चणीच्या वयस्क बायकांची ही धमनी बारीक असते. कधी ती आकसते, कधी वर खांद्यापाशी वळणे लागतात आणि मग डॉक्टरांना जांघेकडे वळावेच लागते. आपण असे विचारा: मनगटातून करायचा प्रयत्न होईल ना, आणि जांघेतून करावे लागले तर सोनोग्राफीने धमनी पाहून सुई टाकण्याची सोय आहे का? सोनोग्राफीच्या मदतीने पहिल्याच प्रयत्नात सुई बसण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट लहान वाटेल, पण मी ती डोळ्यांनी पाहिली आहे. आईंना दाखल करताना वजनकाट्यावर उभे करा. प्रक्रियेच्या वेळी दिले जाणारे, रक्त गोठू न देणारे हेपारिन साधारण किलोमागे 70 ते 100 युनिट या हिशेबाने देतात. 44 किलोच्या बाईचे वजन कोणी अंदाजाने 60 लिहिले, तर तिला तिच्या वाट्यापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक औषध जाईल. कागदावर 'अंदाजे' असे लिहिलेले वजन दिसले की आम्ही काटा खाटेपाशी आणत असू.

मनगटातून झाले तर नळी काढल्यावर एक पारदर्शक पट्टा बांधतात आणि त्यात पिचकारीने तेरा ते पंधरा मिलिलिटर हवा भरतात. पट्टा पारदर्शक असल्यामुळे टोचलेली जागा दिसत राहते. मग हवा थोडी थोडी काढत रक्त जेमतेम थांबेल इतकाच दाब ठेवायचा असतो, कारण पट्टा फार आवळला तर धमनीच कायमची बंद पडू शकते. बोटे निळसर झाली, बधिर झाली, किंवा पट्ट्याच्या वर कोपराकडे हात टणक आणि फुगलेला लागला, तर लगेच परिचारिकेला बोलवा. 'राउंडला सांगू' म्हणून थांबू नका.

घरी गेल्यावर त्या हाताने बादली उचलणे, कपडे पिळणे आणि भाकरी थापणे काही दिवस बंद. जांघेतून झाले असेल तर उकिडवे बसायचे नाही आणि कमोडची सोय आधीच करून ठेवायची. खोकला आला तर जांघेवर तळहात दाबून खोकायचे, आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही. घरी मनगटातून रक्त आलेच तर बसवून, बोटाने त्याच जागी दहा मिनिटे घट्ट दाबून धरा. थांबले का, हे मध्येच बोट उचलून पाहू नका. दहा मिनिटांनीही वाहत असेल, किंवा जांघेतून रक्त येत असेल, तर दाब तसाच ठेवून 108 ला फोन करा.

उत्तर: द्राक्षबागायतदार, दिंडोरी तालुका

ताई, मी शेतकरी आहे, वैद्यकातले मला कळत नाही. पण आमच्या घरी जे झाले ते आपल्याला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि स्टेंट बसला. मनगटातून झाले, रक्तस्राव काही झाला नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणीला ते बागेत उतरले. कात्री निसटून डाव्या हाताच्या बोटाला लागली. एरवी अशा जखमेवर माती चोळून आम्ही पुढच्या झाडाला हात घालतो, पण त्या दिवशी रक्त थांबेना. वडिलांचा पांढरा सदरा कोपरापर्यंत लाल झाला आणि मजूर घाबरून वेलीखाली बसले. संध्याकाळी शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, 'या पातळ करणाऱ्या गोळ्यांनी माणूस एक दिवस रक्त जाऊन मरेल.' वडिलांनी कोणाला न विचारता दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि आम्हालाही सांगितले नाही.

नवव्या रात्री त्यांच्या छातीत कळ आली. स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो बंद पडला होता. रुग्णवाहिकेतून नाशिकला नेईपर्यंतची ती पाऊण तासाची वाट मी विसरू शकत नाही. ते वाचले, पण हृदयाची ताकद कमी झाली आणि आता छाटणीला ते नुसते बांधावर बसून असतात.

पहिल्या वेळी रुग्णालयातून मिळालेला कागद पूर्ण इंग्रजीत होता. कोणती गोळी किती महिने घ्यायची, जखम झाली तर काय करायचे आणि कोणाला फोन करायचा, हे कोणी मराठीत समजावून सांगितले नव्हते. मी त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. पण आपण मात्र आईंचा कागद डॉक्टरांसमोर बसून मराठीत उतरवून घ्या आणि गोळी थांबवायची असेल तर कोणाला विचारायचे, तो नंबर त्यावर लिहून घ्या. दात काढायचा असेल तरी आधी त्याच डॉक्टरांना विचारायचे, हे आम्ही फार उशिरा शिकलो.

आता वडिलांच्या खिशात तसा मराठी कागद असतो. बागेतल्या शेडमध्ये स्वच्छ कापड आणि पट्टी ठेवलेली आहे आणि हातमोजे घातल्याशिवाय मी कोणालाच कात्री देत नाही.

उत्तर: फिजिशियन, कॉलेज रोड

आपण दिलेले आकडे वाचून मला वाटते की आईंच्या बाबतीत रक्तस्रावाचा प्रश्न स्टेंटच्या दिवसाच्या आधीच सुरू झालेला आहे. मी रुग्ण तपासलेला नाही, त्यामुळे पुढचे सगळे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलण्यासाठी आहे. ते परस्पर अमलात आणू नये.

आधी क्रिएटिनिन. अहवालात 1.3 हा आकडा फारसा भीतिदायक दिसत नाही. पण औषधांची मात्रा ठरवताना आम्ही वय आणि वजन धरून हिशेब करतो: 140 मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागायचे आणि स्त्री असल्यास 0.85 ने गुणायचे. आईंच्या बाबतीत हे उत्तर मिनिटाला सुमारे 28 मिलिलिटर येते. 40 वर्षांच्या, 70 किलोच्या पुरुषाचे क्रिएटिनिन तेवढेच असेल तर त्याचे उत्तर 75 च्या आसपास येते. एकाच आकड्यामागे मूत्रपिंडाची इतकी वेगळी ताकद असते. एनॉक्सापॅरिनसारखे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन हे उत्तर 30 च्या खाली असल्यास दिवसातून दोनदा न देता एकदाच द्यायचे असते, आणि हिशेब न करता ते नेहमीच्या मात्रेत दिले गेले तर रक्तस्रावाला तेच कारण पुरते. अँजिओग्राफीत धमन्या दिसाव्यात म्हणून सोडल्या जाणाऱ्या द्रवाचा, म्हणजे डायचा भारही याच मूत्रपिंडावर पडतो, म्हणून हा आकडा डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असायलाच हवा.

आता हिमोग्लोबिन. अँजिओप्लास्टीच्या रुग्णांत रक्तस्रावाचा धोका जास्त कोणाला, हे ठरवण्यासाठी 2019 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने निकष प्रसिद्ध केले. त्यांत 11 पेक्षा कमी हिमोग्लोबिन हा मुख्य निकष आहे आणि तो एकटाच रुग्णाला अधिक धोक्याच्या गटात बसवायला पुरेसा आहे. वेदनाशामक गोळ्या नेहमी घेणे हा त्याच यादीतला दुय्यम निकष. अल्सरचा इतिहास, गुडघ्याच्या गोळ्या आणि 9.8 हिमोग्लोबिन या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या की आईंच्या पोटातून आजही थोडे थोडे रक्त जात असेल का, ही शंका मला सोडत नाही.

म्हणूनच मी असे विचारले असते: छातीतले दडपण फक्त चढावर येते आणि विश्रांतीने उतरते, तर स्टेंट दोन-तीन आठवडे पुढे ढकलून आधी पोटाची एंडोस्कोपी, हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणी आणि लोहाची पातळी पाहता येईल का? अल्सर सापडून तो भरून आला, जंतूवर उपचार झाले, तर नंतरच्या गोळ्या पोटाला पुष्कळ अधिक सोसतील. मात्र दडपण बसल्या जागी येऊ लागले, जास्त वेळ टिकू लागले किंवा थोड्याशा चालण्यानेही येऊ लागले, तर हे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचाच आहे, पण अल्सरची माहितीच त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, तर ते हा विचार कसा करणार?

गुडघ्याची गोळी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांपैकी असण्याची शक्यता दाट आहे. स्टेंटनंतरच्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर ती चालू राहिली, तर मनगटातून केलेल्या प्रक्रियेचा सारा लाभ पोटात वाहून जाईल. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल, शेक आणि व्यायाम यांवर निभावता येते. सांधेदुखीसाठी मिळणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या तर अजिबात नकोत. त्यांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेले असते, असे अनेकदा आढळले आहे.

मनगटाच्या वाटेविषयी परिचारिका ताईंनी लिहिले ते योग्यच आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 8404 रुग्णांच्या मॅट्रिक्स या युरोपीय अभ्यासात मनगटाच्या वाटेने मोठा रक्तस्राव 1.6 टक्के आणि जांघेच्या वाटेने 2.3 टक्के रुग्णांत झाला. हे रुग्ण झटका आलेले किंवा येऊ घातलेले होते, आईंसारखे स्थिर नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

राहिल्या गोळ्या. स्टेंट बसवल्यावर सुरुवातीला ॲस्पिरिनबरोबर दुसरी गोळी द्यावीच लागते. ती कोणती आणि किती दिवस, यात निवडीला जागा असते. आईंसारख्या स्थिर रुग्णांत ती सहसा क्लोपिडोग्रेल असते. टिकॅग्रेलॉर आणि प्रासुग्रेल अधिक जोरदार आहेत आणि त्यांनी रक्तस्रावही अधिक होतो. प्रासुग्रेल तर 75 वर्षांवरील किंवा 60 किलोंहून कमी वजनाच्या रुग्णांत जपूनच वापरतात आणि पूर्वी पक्षाघात झाला असेल तर देतच नाहीत. स्थिर रुग्णांत दोन्ही गोळ्यांची नेहमीची मुदत सहा महिने आहे, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर ती एक ते तीन महिन्यांवर आणता येते. 2021 च्या मास्टर डॅप्ट अभ्यासात अशाच अधिक धोक्याच्या रुग्णांना महिन्याभरानंतर एकाच प्रकारच्या गोळीवर आणले, तेव्हा रक्तस्राव कमी झाला आणि झटक्यांचे प्रमाण वाढले नाही. मुदत कमी करणे आणि आपल्या मनाने गोळी सोडणे यांत किती अंतर आहे, ते दिंडोरीच्या दादांनी लिहिलेच आहे.

यांच्या जोडीला पित्ताची गोळी लागेल. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात, म्हणून पँटोप्राझोल बरे. आणि एक खूण आईंनाच शिकवून ठेवा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, पण तो कोरडा काळपटपणा असतो. डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि उग्र वासाची शौच झाली, तर ते पोटातले रक्त समजायचे आणि त्याच दिवशी दाखवायचे. अशा वेळीही गोळ्या स्वतः थांबवायच्या नाहीत. काय थांबवायचे ते डॉक्टर ठरवतील.

पुन्हा: पंचवटीतील लेक

आपल्या तिघांची उत्तरे छापून घेतली आणि ती घेऊन डॉक्टरांना भेटले. निघण्याआधी आईचा गोळ्यांचा डबा उघडला. तिच्या माहेरचा, झाकणावर फुले असलेला पितळी डबा आहे तो. त्यात एकाच वेदनाशामकाच्या, दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या. एक मेडिकलवाल्याने दिलेली, दुसरी शेजारच्या काकूंनी. गुडघे जास्त दुखले की आई दोन्ही घेत होती, कारण तिच्या लेखी ती दोन निराळी औषधे होती. आम्ही घरात असून आम्हाला हे दिसले नाही, याचे फार वाईट वाटले.

डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि तारीख तीन आठवडे पुढे नेली. एंडोस्कोपीत लहान अल्सर सापडला आणि जंतूची तपासणीही होकारार्थी आली. दोन आठवडे उपचार झाले, लोहाची इंजेक्शने दिली आणि हिमोग्लोबिन 10.6 वर आले. काल उजव्या मनगटातून अँजिओप्लास्टी झाली आणि एक स्टेंट बसला. वजन काट्यावरच घेतले, ते 43.5 भरले. पट्टा संध्याकाळी सात वाजता सोडला आणि आता मनगटावर जांभळाएवढा निळसर डाग आहे, बाकी काही नाही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि पँटोप्राझोल चालू आहेत. दोन्ही गोळ्या तीन महिने घेऊन मग एकच ठेवायची, असे डॉक्टरांनी सांगितले आणि मी ते त्यांच्यासमोरच मराठीत लिहून घेतले.

आईचा परिचारिका ताईंना एक प्रश्न आहे. भाकरी किती दिवस थापायची नाही? तिला माझ्या हातच्या भाकऱ्या जाड वाटतात.

उत्तर: निवृत्त परिचारिका, नाशिकरोड

आईंना माझा नमस्कार सांगा. डाग पसरला नाही आणि हात दुखला नाही तर एक आठवडा पुरे. तोवर त्यांना परातीपाशी बसवा आणि थापायला आपण बसा.